मऊ टायरांवरचं कीर्तन

कीर्तनातून मधेच उठून जाणाऱ्या माणसाला वाटतं, आपण कुणाला दिसलो नाही. तो अर्धवट वाकतो, हात जोडतो, ओशाळं हसतो आणि चपला शोधत दाराशी जातो. बुवांना मात्र त्या क्षणी साऱ्या सभेत तेवढा तोच दिसत असतो. धनंजयबुवांनी असे पाठमोरे श्रोते इतके पाहिले होते, की शारजातल्या निम्म्या मराठी माणसांना ते चेहऱ्यापेक्षा पाठीवरून चटकन ओळखत.

दिवसा बुवा औद्योगिक भागात एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळत आणि संध्याकाळी उपरणं खांद्यावर टाकत. आवाज गोड, ताल पक्का, पाठांतराला तोड नाही. खोट एकच. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, म्हणजे अभंग घ्यायचा आणि त्याचं निरूपण करायचं. मग सगळ्यांना बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट, सुरू होते. धनंजयबुवांचा पूर्वरंग सुरू व्हायचा आणि चालूच राहायचा. एका दृष्टान्तातून दुसरा निघे, दुसऱ्याला समजावायला तिसरा येई, आणि अभंगाचा पहिला चरण बिचारा दाराशी उभ्या पाहुण्यासारखा ताटकळत राही. तोवर श्रोत्यांतल्या कुणाचं पार्किंग संपे, कुणाला घरी जाऊन कुकर लावायचा असे. एकदा दौलतच्या खोलीवर बाराजण शेवटपर्यंत बसले होते, पण ते सगळे गाढ झोपले होते. बुवांची बायको गिरिजा पेटीच्या साथीला असे. तिनं त्या दिवशी वैतागून चार पट्ट्या एकदम दाबल्या, तेव्हा दोघांनी कूस बदलली, एवढंच.

थोडक्यात, बुवांची गोष्ट आजवर कुणीच ऐकली नव्हती.

यंदा हे जिवावर आलं होतं. गावच्या देवळातल्या उत्सवात तिसऱ्या दिवसाचं कीर्तन आजवर नानामामा करत. बुवांना चिपळ्या धरायला शिकवलं तेही त्यांनीच. आता मामांचे गुडघे संपले होते आणि आपल्या जागी भाच्याला उभं करावं असं त्यांच्या मनात होतं. पण मामा म्हणजे कडक माणूस. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं की पत्रिका सोमवारी छापायला जाते, रविवारी सकाळी मी तुला फोन करणार आणि एकच प्रश्न विचारणार. नमनापासून आरतीपर्यंत एक तरी कीर्तन तू माणसं बसवून पुरं केलंस का? केलं असशील तर तिसरा दिवस तुझा. नसशील तर रत्नागिरीचे दुसरे बुवा सांगून ठेवलेत. आणि झोपलेले मोजायचे नाहीत, झोपलेल्यापेक्षा उठून गेलेला बरा, तो निदान ऐकून कंटाळलेला असतो.

मामांशी खोटं बोलणं बुवांच्या रक्तात नव्हतं. आणि फोन आला तो मंगळवार होता.

वाट दाखवली ती दौलतनं. दौलत साताऱ्याकडचा, शेजारच्याच गल्लीतल्या गॅरेजात मेकॅनिक. बुवांना तबल्याची साथ करायचा, आणि तबला गळ्यात पडल्यामुळे मधे उठता न येणारा शारजातला एकमेव माणूस होता. थंडी पडली की इथले लोक शनिवार-रविवार तंबू घेऊन वाळूत जातात, तसा तोही आपली जुनी पजेरो घेऊन जाई. मलीहाच्या पुढे जिथे वाळू संपून डोंगर लागतात, तिथे कुंपणाबाहेरची एक मोकळी जागा त्याला ठाऊक होती. तिकीट नाही, बुकिंग नाही, नळ नाही, दिवा नाही. आपलं पाणी आपण न्यायचं, आपला कचरा आपण परत आणायचा, खलास.

"फकस्त एक ध्यानात ठेवायचं बुवा," दौलत चहा पिता पिता म्हणाला. "वाळूत शिरताना चारी चाकांतली हवा अर्धी काढायची. मऊ टायर वाळूवर उंटावानी चालतोय. पण तिकडून परत निघताना कंप्रेसर लावून हवा भरल्याबिगर हलायचं नाय. वाळूचा उतार उलटा चढत नाय, परतीची वाट डोंगराकडनं, तिथं समदी धारेची दगडं. मऊ टायर चिरून जातील. कंप्रेसर इसरला की मानूस तिथंच."

मानूस तिथंच. हे दोन शब्द बुवांच्या कानात आकाशवाणीसारखे घुमले. कितीतरी वेळ त्यांनी चहाचा कप नुसताच धरून ठेवला.

श्रोतेही अलगद मिळाले. दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहणारा, बुवांच्या ओळखीतला उपेंद्र, त्याची बायको अर्चना आणि पंधरा वर्षांची अनन्या, ही मंडळी दोन वर्षांपासून कॅम्पिंगला जाऊ म्हणत होती. उपेंद्र सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या बाल्कनीत तंबू, घडीच्या खुर्च्या, डोक्याला बांधायचे दिवे असं सगळं सामान खोक्यांतच पडून होतं. वाळूत गाडी नेण्याची हिंमत तेवढी नव्हती. बुवांनी फोन करून दौलतच्या गाडीतून चला म्हटलं, तेव्हा तो हरखला. संध्याकाळी थोडं भजन होईल, असं बुवांनी जाता जाता सांगून टाकलं. थोडं हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळली, पण तिकडे कुणाला कळलं नाही.

शुक्रवारी रात्री तबला गाडीत ठेवण्याच्या निमित्तानं बुवा दौलतकडून किल्ली घेऊन गेले, पजेरोच्या मागच्या पेटीतून कंप्रेसर काढला, उपरण्यात गुंडाळला आणि घरी पलंगाखाली तांदळाच्या पोत्यामागे सरकवला. चोरी कसली, देवाचं काम आहे, असं त्यांनी स्वतःला तीनदा सांगितलं. सकाळी कुणी ना कुणी भला माणूस हवा घेऊन येईलच, यापुढे त्यांचं नियोजन गेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सगळे निघाले. गिरिजानं देवाची तसबीर, पेटी, समई, कुकर, थालीपिठाची भाजणी आणि मार्केटात तासभर निवडून घेतलेला झेंडूचा टपोरा हार असा संसार भरला होता. वाटेत पेट्रोल पंपावर उपेंद्रनं जळणाची मोळी घेतली, तेव्हा वीस दिरहम म्हणजे जवळपास पाचशे रुपये आणि तेही जाळायला, असं ती पुढची दहा मिनिटं खिडकीबाहेर बघून पुटपुटत होती. डांबर संपलं. दौलतनं उतरून चारी टायरांची हवा सोडली. त्या फुस्स आवाजासरशी बुवा दरवेळी दुसरीकडे बघत. मग पजेरो वाळूवर डोलत निघाली. अनन्यानं कानांतलं काढून विचारलं, "अंकल, इज देअर नेटवर्क?" दौलत म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे नाही, हे तिथे वाढलेल्या पोरीला बरोबर कळलं.

जागा मात्र देवानं निवांत बसून केलेली. मागे तांबूस वाळू, पुढे काळे करडे डोंगर, मधे गोट्यांचं सपाट मैदान आणि दोन-तीन घाफची, म्हणजे आपल्या शमीची, झाडं. उपेंद्रनं खोकी फोडली. मोठा तंबू उभा राहिला तो आतली बाजू बाहेर करून. तो उलटवून पुन्हा उभा केला तेव्हा दार डोंगराच्या खडकाकडे आलं, आणि आत जायला अंग चोरून सरकावं लागू लागलं. सगळ्यात देखणा निघाला तो संडासाचा तंबू. निळा, उभा, अरुंद, वर झाकणासारखं छप्पर. अर्चना याच एका अटीवर आली होती. तिनं स्वतः तो जरा लांब नीट उभारून घेतला, चेन वरखाली करून पाहिली आणि समाधानानं हात झटकले. खुंट्या ठोकायला तिनं उपेंद्रला सांगितलं. उपेंद्रनं त्या नंतर ठोकू म्हणून बाजूला ठेवल्या.

ऊन उतरलं तशी बुवांनी फेटा बांधला. समई लागली, तसबिरीपुढे सतरंजी पडली, गिरिजानं भाता हलवला, दौलतनं तबल्यावर हातोडी फिरवली. उपेंद्र आणि अर्चना खुर्च्यांवर, अनन्या मांडी घालून फोनवर. बुवांनी एकदा चौफेर पाहिलं. दाराचा पत्ता नव्हता. पार्किंग म्हणावं तर तीस मैल पसरलेलं, आणि त्याला वेळेची मर्यादा नव्हती. त्यांनी डोळे मिटून नमन केलं, आणि असा आनंदाचा सूर लागला म्हणता, की गिरिजासुद्धा पट्टीवरून नजर उचलून नवऱ्याकडे बघायला लागली.

नमन झालं. अभंग झाला. निरूपण सुरू झालं.

पहिल्या दृष्टान्ताला उपेंद्रनं मान डोलावली. दुसऱ्याला नुसतीच हलवली. तिसरा दृष्टान्त समुद्राचा होता, त्यात खलाशी, गलबत, सुकाणू असं करत बुवा सुकाणूच्या लाकडापर्यंत गेले. अर्चना घड्याळाकडे बघायला लागली. चौथ्याच्या मध्यावर डोंगराकडून वारा सुटला. समई फडफडली, फेट्याचं शेपूट बुवांच्या तोंडावर आलं, ते त्यांनी बाजूला केलं आणि पाहतात तो तिकडे निळा तंबू जागेवरून अलगद उठतोय. क्षणभर तो तसाच उभा राहिला, जणू परवानगी मागतोय, वाकला, आणि मैदानातून कोलांट्या खात निघाला.

पूर्वरंगातून उठून जाणाऱ्यांत आज पहिल्यांदाच एक संडास होता.

उपेंद्र त्याच्यामागे धावला. अर्चना उपेंद्रच्या मागे, खुंट्या का ठोकल्या नाहीत हे विचारत. अनन्या दोघांचा व्हिडिओ काढत तिसरी. बुवा हात वर केलेले तसेच उभे. "चालू द्या," गिरिजा पेटीवरून म्हणाली, "संडास गेला तरी आम्ही आहोत." इतक्यात तिच्या कोपराला काहीतरी ऊबदार घासलं. एक काळी शेळी सतरंजीवर चढून, ताटातल्या झेंडूच्या हाराचं शेवटचं टोक शेवयांसारखं आत ओढून घेत होती.

तंबू काही हाती लागला नाही, तो पार खालच्या घळीत जाऊन अडकला. उपेंद्र धापा टाकत आला. अर्चना त्याच्या आधी आली, आणि आली ती निर्णय घेऊनच. आपल्याला घरी जायचंय, आत्ता. दौलतनं तबला बाजूला ठेवला, हवा भरतो म्हणाला आणि पजेरोची मागची पेटी उघडली.

पुढे काय होणार ते बुवांना ठाऊक होतं. फक्त ते असं होईल हे ठाऊक नव्हतं. दौलतनं पेटी चाचपली. मग सगळी रिकामी केली. पाने, जॅक, दोर, फावडं. मग सीटखाली पाहिलं. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. उपेंद्र म्हणाला की मेकॅनिक माणूस कंप्रेसर कसा विसरतो, दिस इज द वन थिंग. वीस वर्षं गॅरेजात काढलेला तो माणूस, आपल्याच हातांकडे बघत गोट्यांवर बसला. कालच ठेवला होता, असं तो दोनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा त्यालाच विश्वास वाटत नव्हता.

बुवांना ते पाहवलं नाही. पाच वर्षं आपल्याबरोबर बसलेला हा एकुलता एक माणूस.

"दौलत," ते म्हणाले, "तू विसरला नाहीस. मी काढून ठेवला."

सगळे बघायला लागले. बुवांनी फेटा काढून हातात घेतला आणि तांदळाच्या पोत्यापासून नानामामांच्या प्रश्नापर्यंत सगळं सांगितलं. एवढं थोडक्यात त्यांनी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं.

पहिला आवाज गिरिजाचा आला. "माझ्या तांदळामागे?" मग उपेंद्र म्हणाला, दादा, दिस इज किडनॅपिंग. अर्चनाचं म्हणणं पडलं की अपहरण करणारे निदान संडासाची सोय करतात. दौलत मात्र उठून उभा राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती सुटका होती.

"आवो बुवा," तो म्हणाला, "मला आधी सांगायचं की. मीच कंप्रेसर घरी ठिवला असता. ह्यो बभ्रा तरी झाला नसता."

भांडण कुठे गेलं असतं कोण जाणे, पण शेळीच्या मागावर तिचा मालक आला. पांढऱ्या पिकअपमधून उतरलेला यहया नावाचा तो म्हातारा तिथलाच, डोंगराच्या पोटाशी त्याची वाडी होती. आधी त्यानं शेळीला अरबीत झापलं. मग तिच्या तोंडातली पाकळी पाहून तो गिरिजापुढे छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि स्वच्छ हिंदीत म्हणाला की ताई, माफ करा, ही माझी सगळ्यात बेशरम आहे. तरुणपणी मुंबईला गलबतावर जायचो, असंही त्यानं सांगितलं. चाकांची गोष्ट कळल्यावर तो इतका हसला की पिकअपला टेकावं लागलं. कंप्रेसर त्याच्या गाडीत होता. इथे कोण कंप्रेसरशिवाय फिरतं, असं तो म्हणाला, आणि बुवांकडे बघून पुन्हा हसला.

सूर्य बुडाला होता. यहया बाजूला जाऊन नमाजाला उभा राहिला. बुवांनी गिरिजाला खूण केली. तिनं पेटीचा भाता मिटून ठेवला, आणि तो सलाम फिरवून उठेपर्यंत कुणी हळू आवाजातसुद्धा बोललं नाही. मग दौलतनं पहिल्या चाकाला नळी जोडली. कंप्रेसर घरघरायला लागला.

बुवा सतरंजीवर बसून चिपळ्या कापडात गुंडाळत होते. यहयानं थर्मासमधून त्यांना एवढुशा पेल्यात कडक कॉफी ओतून दिली आणि विचारलं, आप क्या गाते थे? बुवांनी सांगितलं, आधी उपदेश, मग किस्सा. किस्सा कौनसा, यहयानं विचारलं. आणि बुवांच्या ध्यानात आलं की गेल्या पाच वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. कुणाला विचारायला उसंतच मिळाली नव्हती.

"चोराचा," ते म्हणाले.

"तो सुनाओ. चार पहिए हैं, वक़्त लगेगा."

बुवांनी गिरिजाकडे पाहिलं. गिरिजानं कंप्रेसरकडे कान लावला, पेटीवर दोन पट्ट्या चाचपल्या आणि तिसरी दाबली. ती त्या घरघरीशी तंतोतंत जुळली. "काळी दोन," ती म्हणाली. "एवढा पक्का तानपुरा तुम्हांला जन्मात मिळायचा नाही. उठा."

बुवा उठले, आणि दृष्टान्त न देता सरळ गोष्टीला लागले.

एका गावात गोंद्या नावाचा चोर होता. त्यानं काय चोरावं, तर देवाच्या चांदीच्या पादुका. पळताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यानं त्या पायांतच घातल्या, वरून चिंध्या बांधल्या आणि निघाला. बुवा सतरंजीवर चोरपावलांनी चालून दाखवायला लागले. पण नवल असं, की डोकं म्हणे घरी चल आणि पाय वळत देवळाकडे. गोंद्या होडीत बसला, तर पाय होडीतून उतरले. बहिणीकडे गेला, तर जेवणाच्या पानावरून उठून पाय बाहेर. पादुका काढाव्यात तर निघत नाहीत. इथे बुवांनी एक पाय धरून दुसऱ्यावर अशा उड्या मारल्या की यहयाची कॉफी सांडली, आणि उपेंद्र हसला. गिरिजा अधेमधे यहयाला हिंदीत सांगत होती. तिचं हिंदी भयंकर होतं, त्यामुळे गोष्ट तिकडे जरा अधिकच रंगतदार पोहोचत असावी. दौलत एका चाकावरून दुसऱ्याकडे जाताना पान्यानं टायरवर ठेका धरत होता. अनन्यानं फोन उलटा ठेवला होता.

गोंद्या रोज हात जोडून देवळाच्या पायरीशी उभा. लोक म्हणाले, काय भक्ती. बायका त्याच्या पाया पडायला लागल्या. तो घाबरून पळे, लोक म्हणत, काय विनय. शेवटी उत्सवाच्या दिवशी पंचांनी ठरवलं, या महात्म्याचे पाय धुवायचे. त्याला पाटावर बसवलं. पुजारी तांब्या घेऊन समोर बसला, त्यानं पायावरच्या चिंध्यांच्या गाठीला हात घातला...

कंप्रेसर थांबला. चौथं चाक भरलं होतं.

बुवाही थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि बुवांना पुढचं वाक्य जिभेवर आलेलं स्पष्ट जाणवत होतं. ते त्यांनी गिळलं.

"टायर भरले," ते म्हणाले. "ज्याला जायचंय त्यानं जावं. आज मी कुणाला धरून ठेवणार नाही, गोष्टीनंसुद्धा नाही."

मग अर्चना उठली, तशी उपेंद्र उठला. खुर्च्या मिटल्या. अनन्या सगळ्यांत हळू उठली. दौलत म्हणाला की यांना सोडतो आणि तुम्हांला न्यायला येतो. पजेरोचे दिवे गोट्यांवरून हलत डांबरी रस्त्याच्या दिशेनं लहान होत गेले. बुवांना पुन्हा एकदा सगळ्या पाठी दिसल्या. फरक इतकाच, की या वेळी कुणी चपला हातात घेऊन निघालं नव्हतं.

यहयानं थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाला, फिर? पुजाऱ्यानं काय पाहिलं? बुवांनी नाही अशी मान हलवली. गिरिजानं चुलीवर तवा ठेवला आणि थालीपीठ थापायला घेतलं. वैतागली की ती थालीपीठ थापायची. नानामामांना सांगू, ती म्हणाली, रत्नागिरीच्या बुवांना बोलवा म्हणावं, पुढल्या वर्षी बघू. बुवा हो म्हणाले. पहिलं थालीपीठ यहयाला दिलं. अर्धं त्यानं खाल्लं, अर्धं शेळीला दिलं, आणि पुन्हा विचारलं, फिर?

दुसरं तव्यावर असतानाच दिवे दिसले. मोठे होत आले. पजेरो थांबायच्या आत आतून भांडणाचा आवाज ऐकू आला.

"बट डॅड, सोप!" अनन्या उतरता उतरता म्हणत होती. "ही कुड हॅव जस्ट यूज्ड सोप."

उपेंद्रचं म्हणणं होतं की पादुकेला पट्टा नसतो, अंगठ्याशी खुंटी असते, तिथे साबण चालणार नाही, तेल लागेल. दौलत म्हणत होता, ग्राइंडर. अर्चना शेवटी उतरली. "डांबरी रस्ता लागला व्हता," दौलत खाली मान घालून सांगायला लागला, "आन् वैनीच म्हनाल्या, वळवा."

अर्चना बुवांसमोर येऊन उभी राहिली. "रस्त्यावर नेटवर्क आलं," ती म्हणाली. "हिनं तुमचा गोंद्या शोधून पाहिला. कुठेच नाही. आता मला एक मोठासा दगड दाखवा, मी आडोशाला जाऊन येते, आणि मी येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

गिरिजानं टॉर्च घेऊन तिला दगड दाखवला. त्या परत आल्या तेव्हा सगळे सतरंजीवर होते, खुर्च्या गाडीतच राहिल्या. हार नव्हता, तर यहयानं खजुराची पिशवी बुवांपुढे ठेवली. तो प्रसाद झाला. बुवांनी चिपळ्या घेतल्या.

पुजाऱ्यानं गाठ सोडली. चिंध्या गळून पडल्या. समईच्या उजेडात चांदी चमकली. गोंद्यानं डोळे मिटले, आता पाठीवर काठी पडणार. पुजारी थांबला. त्यानं एकदा देवाकडे पाहिलं, एकदा पायांकडे, आणि काही न बोलता तांब्यातलं पाणी ओतलं. मग त्या पायांवर डोकं ठेवून तो फक्त गोंद्याला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "अरे, देवाला नुसत्या पादुकाच होत्या. पाय आज मिळाले." तेव्हा पादुका आपोआप सुटल्या. गोंद्यानं त्या हातात घेतल्या, आणि त्याचे पाय प्रथमच मोकळे झाले. आता ते कुठेही जाऊ शकत होते. ते जागचे हलले नाहीत.

यानंतर बुवांनी गायलं. काय गायलं ते सांगून कळायचं नाही, पण गिरिजानं दोनदा पदर डोळ्यांना लावला आणि चुलीचा धूर आहे असं कुणी न विचारता सांगितलं. टाळ्या पडल्या, गजर झाला, आरती झाली. यहया मागे बसून गुडघ्यावर ताल देत होता. अनन्याला शेवटपर्यंत एकच शंका राहिली.

"सो नो पोलीस?" तिनं खजूर खाता खाता विचारलं.

"पोलीस पूर्वरंगात गेले," गिरिजा म्हणाली.

रविवारी सकाळी सगळं आवरून, घळीतून निळा तंबू काढून, जळणाची राखसुद्धा पिशवीत भरून ते डांबराला लागले, तसा बुवांचा फोन वाजला. दौलतनं गाडी कडेला घेतली. मामांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, कारण मामांचा आवाज नेहमीच सगळ्यांना ऐकू येई. त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही.

"माणसं बसली का शेवटपर्यंत?"

बुवांनी उपेंद्रकडे पाहिलं, अर्चनाकडे पाहिलं. बसली म्हणणं सोपं होतं. सगळे माना डोलावून तेच सुचवत होते.

"नाही मामा," ते म्हणाले. "उठली. सगळी उठून गाडीत बसून गेली."

पलीकडे मामांनी श्वास सोडला.

"आणि मग परत आली," बुवा म्हणाले.

फोनवर इतकी शांतता पसरली की दौलतनं डोकावून नेटवर्क गेलं का ते पाहिलं.

"परत आली?" मामा म्हणाले. "कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. गोष्ट राहिली होती."

"धनू," मामा म्हणाले, "साठ वर्षं कीर्तन केलं मी. उठून गेलेलं माणूस परत आलेलं मला ठाऊक नाही. चपला विसरलेलासुद्धा दुसऱ्या दिवशी येतो." मग घसा खाकरून त्यांनी हुकूम सोडला की तिसरा दिवस तुझा, पत्रिकेत नाव घालतो. पण गिरिजाला साथीला घेऊन ये, आणि पूर्वरंग किती चालवायचा ते ती ठरवेल. तिनं भाता मिटला की तू आख्यानाला लागायचं. कबूल?

गाडीत आनंदीआनंद झाला. दौलतनं हॉर्न वाजवला. बुवांचे डोळे भरून आले होते. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, घसा साफ केला आणि कृतज्ञतेनं सुरुवात केली.

"मामा, कबूल आहे. पण कबुली म्हणजे तरी काय? आता असं बघा, एक गलबत समुद्रात निघालं..."

गिरिजानं हात पुढे केला आणि फोन बंद केला.